डेम्लोची वही: आठ गेला कुठे?

मंडळी, गेल्या वेळी नऊ एक्क्यांच्या, म्हणजे १११११११११ च्या, वर्गापाशी थांबलो होतो: १२३४५६७८९८७६५४३२१. स्प्रेडशीटने शेवटचे आकडे ३०० दाखवले, कारण तिच्यात पंधराच अंक मावतात आणि इथे आहेत सतरा. मग चौकटीची वही काढली.

एक्क्यांच्या अशा वर्गांना डेम्लो संख्या म्हणतात. हे नाव द. रा. कापरेकरांचं. जी.आय.पी. (आताच्या मध्य) रेल्वेवर, मुंबईपासून तीस मैलांवरच्या ज्या स्टेशनात कल्पना सुचली, त्याचंच नाव देवळालीच्या या शिक्षकांनी संख्यांना देऊन टाकलं.

आधी अवयव पाडले. नऊ एक्के म्हणजे ९ × ३७ × ३३३६६७. हा शेवटचा अवयव मूळ संख्या आहे का, यात दोन संध्याकाळी गेल्या. वर्गमूळ ५७७ च्या जरा वर, म्हणजे तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी शंभराहून जास्त भागाकार! पण ९९९९९९९९९ ला भागणाऱ्या मूळ संख्येच्या व्यस्ताचं दशांश आवर्तन (पुन्हा पुन्हा येणारा अंकांचा गट) १, ३ किंवा ९ अंकांचंच असतं. एका अंकाचं आवर्तन फक्त ३ चं, तीन अंकांचं फक्त ३७ चं. उरलेल्यांतून १ वजा केला की १८ ने भाग जायलाच हवा. १९, ३७ (अट यालाही बसते), ७३, १०९... असे सतराच उमेदवार निघाले. शेवटचा ५७७, बाकी १६१. मूळ!

तेव्हा वर्गाचे विभाजक ४५. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागही जातो, म्हणजे संख्या हर्षद (हेही कापरेकरांचंच बाळ). भागाकार १५२४१५७८९९७१०४१, जो स्वतः १२३४५६७९ चा वर्ग आहे.

आता दहा एक्के. वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठ गायब! मला वाटलं, मीच चुकलो. गुणाकार मांडला तर मधल्या रकान्यात बेरीज १०: शून्य लिहिलं, हातचा एक. डावीकडच्या नवाला तो मिळून पुन्हा १०, पुन्हा शून्य, हातचा एक. तो आठाच्या डोक्यावर बसला आणि आठाचा नऊ झाला. दर हातच्याला अंकांची बेरीज ९ ने घटते. म्हणून १०० ऐवजी ८२. सम संख्येने विषम वर्गाला भाग कसा जाणार? हर्षद बाद.

पुढे अकरा, बारा, तेरा एक्क्यांच्या वर्गांत अंकांच्या बेरजा ८५, ९०, ९७. वर्ग १ ने संपतो, त्यामुळे पहिल्या दोन बघायलाच नकोत. ९७ ने जरा आशा लावली होती, पण तेरा एक्क्यांना भागल्यावर बाकी ७७. पंधराला बेरीज ११७, म्हणजे ९ × १३. नवाचं जमतं, पण १३ ने भाग जायला एक्के सहाच्या पटीत लागतात. दहा ते अठरा सगळे नापास.

वही सध्या एकोणिसाच्या पानावर आहे. तिथे पहिल्यांदाच हातचे दोन येतात.