नवी अ‍ॅफिलिएट साइट खाली घसरते तेव्हा आधी काय बघायचं

आपल्या किनाऱ्यावर अ‍ॅफिलिएट साइट चालवणारी मुलं-मुली आता बऱ्यापैकी झाली आहेत. अशा साइटवर वस्तूंबद्दल लिहायचं, विकणाऱ्याची लिंक द्यायची आणि तिच्यावरून विक्री झाली की कमिशन मिळतं. मालवणात होमस्टे सांभाळून कुणी प्रवासी बॅगांवर लिहितो, चिपळुणात शिकवण्या घेणारी कुणी रात्री मिक्सरची तुलना करत बसते. साइट सुरू होऊन दोन-चार महिने झाले की यांच्यातल्या बहुतेकांचा मला एकच प्रश्न येतो: "ताई, पहिल्या पानावर होते, आता कुठेच दिसत नाही. गुगलने पेनल्टी मारली का?"

पेनल्टी आहे की नाही हे विचारत बसायची गरजच नाही. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गुगलच्या मोफत साधनात 'मॅन्युअल अ‍ॅक्शन' हा भाग उघडा. गुगलच्या माणसाने तुमच्या साइटवर कारवाई केली असेल तर ती तिथे लिहिलेली असते. तो भाग रिकामा असेल तर ती भीती तिथेच सोडून द्या.

मग घसरण झाली कशाने? नव्या पानाबद्दल गुगलच्या हाताशी फारसं काही नसतं, म्हणून ते अंदाजाने जागा देतं. माहिती साठत जाते तशी ती जागा बदलते, वरही आणि खालीही. गुगलचे जॉन म्यूलर हे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. एसईओवाले, म्हणजे साइट शोधात वर आणण्याचं काम करणारे, सुरुवातीच्या चढत्या काळाला 'हनिमून' म्हणतात आणि दबून राहण्याच्या काळाला 'सँडबॉक्स'. गुगलने ही नावं दिलेली नाहीत, पण अनुभव सगळ्यांना येतो. माझं म्हणणं असं की ती पहिली जागा तुमची धरूच नका. त्या आठवड्यांतल्या कमिशनवर हिशेब मांडला की पुढचे सगळे निर्णय घाबरून होतात.

माझी साइट बागायतीच्या अवजारांवर आहे: ग्रासकटर, फवारणीचे पंप, फांद्या छाटायची करवत. लांज्याजवळ दादाचं दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे जे येतं त्यावर मी लिहिते. ग्रासकटरचं पहिलं मोठं पान टाकलं तेव्हा ते कितीतरी शोधांवर वर दिसत होतं, त्यात 'ग्रासकटर अनुदान' हाही शोध होता. माझ्या पानावर अनुदानाची एक ओळही नव्हती. ज्याला अनुदान हवंय त्याला महाडीबीटीवर अर्ज कसा करायचा, कागद कुठले लागतात, हे हवं असतं. थोड्याच दिवसांत त्या शोधातून पान खाली गेलं, आणि ते बरोबरच झालं. त्याच वेळी 'ग्रासकटर दोरी की ब्लेड' या शोधात मात्र ते टिकून होतं. सगळ्या शोधांचा मिळून होणारा आलेख तेवढा बघितला असता तर साइट बुडाली असंच वाटलं असतं.

म्हणून सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात दोन काळांची तुलना लावायची आणि क्वेरींची, म्हणजे लोकांनी टाकलेल्या शोधांची, यादी खालपर्यंत वाचायची. कुठला शोध गेला, तो आपला होता का, त्या माणसाला हवं ते आपल्या पानावर होतं का? कंटाळवाणं काम आहे, एक संध्याकाळ जाते, पण याला दुसरा उपाय मला माहीत नाही. सरासरी क्रमांकावर तर अजिबात विसंबू नका. तुमचं पान नव्या पन्नास शोधांत निकालांच्या सहाव्या-सातव्या पानावर दिसायला लागलं की सरासरी कोसळते, आणि तुमचे मुख्य शोध जागचे हललेलेही नसतात.

कोकणात आणखी एक गोष्ट आहे, हंगाम. पावसात गवत कमरेएवढं होतं आणि ऑगस्टपासून बागांत बेणणी, म्हणजे गवत काढणं, सुरू होते. तेव्हा दादाच्या दुकानात मशीन ठेवायला जागा नसते. दिवाळीनंतर गवत सुकतं आणि ग्रासकटर शोधणारेही आटतात. त्या वेळी क्लिक कमी होतात, इम्प्रेशन (पान निकालांत किती वेळा दिसलं तो आकडा) कमी होतात, क्रमांक मात्र तोच राहतो. ही रँकिंगची घसरण नाहीच. जुन्या साइटला मागच्या वर्षाशी ताडून बघता येतं, कारण सर्च कन्सोल १६ महिन्यांची आकडेवारी ठेवतं. नव्या साइटला मागचं वर्षच नसतं, तेव्हा गुगल ट्रेंड्सवर त्या शब्दाची चार-पाच वर्षांची रेघ बघावी. छत्री, रेनकोट, इन्व्हर्टर, मिठाच्या हवेत न गंजणारे स्टँड, आपल्याकडच्या निम्म्या वस्तू अशाच हंगामी आहेत.

क्रमांक खरोखरच, आणि बऱ्याच पानांचा एकदम पडला असेल, तर गुगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर कोअर अपडेटच्या, म्हणजे क्रम लावण्याच्या पद्धतीतल्या मोठ्या बदलांच्या, तारखा तपासा. मार्च २०२४ चा कोअर अपडेट ५ मार्चला सुरू झाला आणि पूर्ण व्हायला ४५ दिवस लागले. अपडेट चालू असताना क्रमांक रोज हलतात. तो संपल्यावर निदान एक आठवडा थांबून मग तुलना करा, असं खुद्द गुगलच सांगतं. त्याच मार्चमध्ये घाऊक मजकूर पाडण्याविरुद्ध आणि जुनी सुटलेली डोमेन विकत घेऊन त्यावर भलताच मजकूर चढवण्याविरुद्ध नियम आले. एआयकडून एका रात्रीत दोनशे पानं करून टाकणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, ती पानं काढा. दुकानदाराचं वर्णन उचलून खाली लिंक लावलेलं पान गुगलच्या स्पॅम धोरणात आधीपासूनच बसतं. अ‍ॅफिलिएट लिंक असणं हा दोष नाही, लिंकखेरीज पानावर काही नसणं हा आहे.

पानावर काय असावं, तर जे तुम्ही हाताने केलंय ते. डिसेंबर २०२२ मध्ये गुगलने आपल्या गुणवत्ता तपासनिसांच्या, म्हणजे शोधाचे निकाल तपासायला नेमलेल्या माणसांच्या, सूचनांत 'अनुभव' हा निकष घातला. तपासनिसांच्या गुणांवरून कुणाचं पान थेट वर-खाली होत नाही, पण गुगलला काय हवंय ते त्यातून कळतं. माझं टिकलेलं पान दोरी आणि ब्लेडवरचं आहे. जांभ्याच्या कातळाला लागून नायलॉनची दोरी भराभर झिजते, हे पुण्यात बसून लिहिलेल्या कुठल्याही पानावर नव्हतं. दोरी रात्रभर पाण्यात भिजत ठेवली की कमी तुटते. तीन दात्यांचं ब्लेड गवताआड दडलेल्या दगडावर आपटलं की दाता उडतो, म्हणून दादा गिऱ्हाइकाला आधी विचारतो, "बाग कातळावर की भरडात (मातीच्या जमिनीत)?" आणि नव्या कलमाच्या बुंध्याशी दोरी नेऊच नये. ती साल सोलते आणि कलम वाळायला लागल्यावरच मालकाच्या लक्षात येतं. तिथे विळाच हवा. सोललेल्या बुंध्याचा फोटो मी पानावर घातला. लोक तो बघतात, एकमेकांना पाठवतात आणि मग खाली कुठली दोरी घ्यावी तेही वाचतात.

घसरणीच्या दिवसांत करू नये असंही थोडं आहे. मजकूर तोच ठेवून वरची तारीख बदलू नका. पानांचे पत्ते बदलू नका. बॅकलिंकचं (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंकचं) पॅकेज विकायला फोन येतील, ते घेऊ नका. कमिशनच्या लिंकना कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड'ची खूण लावा आणि कमिशन मिळतं हे वाचकाला वरच सांगा.

शेवटची गोष्ट नव्यांसाठी फार महत्त्वाची आहे. अ‍ॅमेझॉनच्या असोसिएट्स कार्यक्रमात खातं उघडल्यापासून १८० दिवसांत तीन विक्र्या व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं. साइट सुरू केली त्याच दिवशी खातं उघडलं, तर हे दिवस नेमके त्या घसरणीत जातात आणि माणूस विक्रीसाठी वाट्टेल ते लिहायला लागतो. खातं उशिरा उघडा. आधी बिनलिंकची पानं टाका, कुठले शोध टिकतात ते कळू द्या, आणि तुमच्या वस्तूचा हंगाम तोंडावर आला की अर्ज करा. ग्रासकटरवाल्यांनी तो जुलैत करावा.