डुकराचा खांदा, खान्देशी काळा रस्सा

जळगाव-धुळ्याहून अमेरिकेत येणाऱ्यांना बोकडाचं मटण हवं असेल, तर बहुतेक वेळा हलाल दुकान शोधावं लागतं. कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात डुकराचा खांदा मात्र कायम असतो, आणि चॉपपेक्षा, म्हणजे पाठीकडच्या मांसाच्या कापांपेक्षा, बराच स्वस्त. पाकिटावर ‘बट’ लिहिलंय म्हणून फसू नका. तो मागचा भाग नव्हे, मानेलगतचा वरचा खांदा. ‘पिकनिक’ म्हणजे त्याच्या खालचा, पायाकडचा. तो जास्त चिवट असतो. चॉपचं मांस रश्शात घालू नये. त्यात चरबी कमी, तासाभरात भुसा होतो.

खांदा स्वस्त असतो तो त्यातल्या पांढऱ्या चिवट जाळ्यांमुळे, आणि रश्शाला दाटपणा येतो तोही त्यांच्यामुळेच. हे कोलॅजन साधारण 70 अंशांच्या (इथले सगळे अंश सेल्सिअस) पुढे हळूहळू विरघळतं. मांस 63 अंशांना खायला सुरक्षित होतं, पण तेव्हा ते रबरासारखं लागतं. आतलं तापमान 90 ते 95 अंशांवर जाऊन तिथे काही वेळ राहिलं की बोटाने तुटतं. दोन तासांनी तुकडा कडक लागला की लोक ‘जास्त शिजलं’ म्हणून गॅस बंद करतात. खरं तर ते अजून पुरतं शिजलेलंच नसतं. आणखी तास द्या.

दोन किलो हाडासकट खांद्याचे लिंबापेक्षा थोडे मोठे तुकडे करा. 25 ग्रॅम मीठ आणि हळद चोळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. वाटणासाठी चार कांदे आणि 60 ग्रॅम सुकं खोबरं काळं भाजायचं. मटणाला घालतो त्याच्या हे निम्मं आहे, कारण डुकराची चरबीच पुरते. इथे घरात चूल नाही आणि धुराचा भोंगा लगेच ओरडतो, म्हणून अर्धे केलेले कांदे 230 अंशांच्या ओव्हनमध्ये 25 ते 30 मिनिटं ठेवा. खोबरं शेवटच्या चार-पाच मिनिटांतच घाला, नाहीतर कोळसा. लसणाचा एक गड्डा, आलं, कोथिंबीर घालून बारीक वाटा.

तुकडे थोडे थोडे करून तेलात लाल करा. गर्दी केली तर पाणी सुटतं आणि मांस राखाडी पडतं. त्याच तेलात वाटण आणि तीन चमचे काळा मसाला, तेल सुटेपर्यंत परता. स्लो कुकर, म्हणजे तासन्‌तास मंद शिजवणारं विजेचं भांडं, मसाला परतत नाही, नुसता उकडतो. ही पायरी टाळली तर कच्चा कांदा शेवटपर्यंत लागतो.

मग सगळं स्लो कुकरमध्ये. पाणी फक्त दीड कप, वाफ बाहेर जात नाही आणि मांसही पाणी सोडतं. घरच्या अंदाजाने ओतलं तर पाणचट सार होतं. ‘लो’वर 8 ते 9 तास. गोठलेलं मांस थेट घालू नका, ते फार वेळ कोमट राहतं. झाकण सारखं उघडू नका, दर वेळी अर्धा तास वाढतो. जाड बुडाच्या झाकणाच्या भांड्यात, 150 अंशांच्या ओव्हनमध्ये तीन तास लागतात, प्रेशर कुकरमध्ये मंद आचेवर 45 मिनिटं. घाई असेल तर प्रेशर कुकरही चालतो, पण तुकडे लवकर फुटतात.

शेवटच्या अर्ध्या तासात आणखी एक चमचा काळा मसाला घाला. इतक्या तासांत दगडफूल-लवंगेचा वास उडालेला असतो.

उरलेला रस्सा उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरी चरबी गोठलेली दिसेल आणि खाली रस्सा थरथरेल. निम्मी चरबी काढा, निम्मी तर्रीसाठी राहू द्या. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीसोबत खायचा तो हा दुसऱ्या दिवशीचा रस्सा.