अकरा माद्या, एकही नर नाही

परवा सकाळी आईची हाक आली, "अगं, मागच्या दारात पाल चेंगरलीये, घेऊन जा तुझी." बिजागरीपाशी होती, अजून मऊ. आमच्या घरी मेलेली पाल कचऱ्यात जात नाही, माझ्या टेबलावर येते. तिच्यातले परजीवी जंत मी ओळखायला बघते. जिवंत पाल मी मारत नाही. दारात चेंगरलेल्या आणि मांजरानं टाकलेल्या मला पुरतात.

आधी भिंगाखाली पाय बघितले. बोटांच्या बेचक्यात तांबडे ठिपके असतात ते बहुतेक गेकोबिया, पालीवरचे माइट, म्हणजे गोचिडीसारखे बारीक जीव. या वेळी नव्हते. मग पोट उघडून आतडं मिठाच्या पाण्यात सोडलं. आतड्याच्या शेवटच्या फुगीर भागात तांदळाच्या कणीएवढे पांढरे जंत वळवळत होते. मोजले, ११ भरले.

पहिल्या वर्षी असे जंत मी थेट गार फॉर्मॅलिनमध्ये टाकले होते. सगळे आखडून वेटोळे झाले, एकाचीही शेपटी नीट दिसेना, आणि चार पालींचं काम वाया गेलं. आता ७० टक्के अल्कोहोलची बाटली गरम पाण्यात ठेवते. त्यात जंत सोडला की ताठ सरळ होतो. मग ग्लिसरीनमध्ये तो हळूहळू काचेसारखा पारदर्शक होतो.

आज काचपट्टीवर घेतले. अन्ननलिकेच्या टोकाशी गोल गड्डा, म्हणजे लहान मुलांना होणाऱ्या सुतासारख्या जंतांचेच भाऊबंद. पुढचा प्रश्न, हे जंत थेलँड्रॉस की पॅराफॅरिंगोडॉन, अंड्यावर सुटतो. थेलँड्रॉस ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) १८६२ची, पॅराफॅरिंगोडॉन १९३३ची, चॅटर्जी या संशोधकांनी मांडलेली. कुणी दोन्ही एकत्र केल्या, कुणी पुन्हा वेगळ्या काढल्या. मला वेगळं ठेवणंच पटतं. थेलँड्रॉसच्या अंड्याचं झाकण अगदी टोकाला असतं आणि मादीच्या पोटातच अंड्यात अळी तयार होते. तो पाला खाणाऱ्या सरड्यांत राहतो. माझ्या अंड्यांचं झाकण टोकापासून जरा बाजूला होतं, आत मोजक्याच पेशी. आणि पाल तर रात्रभर ट्यूबलाइटपाशी किडे टिपते. म्हणजे पॅराफॅरिंगोडॉन.

फुप्फुसंही बघितली, रिकामी निघाली. मागे एका पालीच्या फुप्फुसात सेंटीमीटरभर लांबीचा, वळ्यावळ्यांचा जीव सापडला होता. तोंडाभोवती चार आकडे. तो रेलिएटिएला. दिसायला जंत, पण खेकडे-झिंग्यांच्या गोतावळ्यातला. १९७२मध्ये शुक्रपेशींच्या रचनेवरून तो मासळीच्या अंगावरच्या उवांचा जवळचा नातलग असल्याचं दाखवलं गेलं, १९८९मध्ये आरएनएनंही तेच सांगितलं. झुरळ खाल्लं की तो पालीत येतो. त्या दिवशी मी जेवायचं विसरले होते.

जातीपाशी मात्र अडले. त्यासाठी नर हवा: शेपटीजवळच्या गाठी किती, समागमाचा काटा किती लांब, अंगाच्या कडेची झालर कुठून कुठवर. नर आकारानं फार लहान आणि संख्येनंही थोडे. माझ्या अकराही माद्या निघाल्या. ओळखीतले एक जण म्हणाले, "पालीत ठरलेली एकच जात सापडते, लिहून टाक." मी नाही लिहिलं. पोशिंद्यावरून जंताचं नाव ठरवलं, तर उद्या पालीत वेगळी जात आली तरी ती कुणाला दिसणार नाही.

बाटलीवर चिठ्ठी लावली: पॅराफॅरिंगोडॉन, जाती अनिश्चित, ११ माद्या, घरपाल, मागचं दार, लातूर. आतड्यातला गाळ अजून फेकलेला नाही. उद्या सकाळच्या उजेडात तो थेंब थेंब करून पुन्हा बघायचाय.