फिल्मच्या कोपऱ्यातले 120

गुरुवारी संध्याकाळी 14 महिन्यांचं एक बाळ आलं. बाप अक्कलकोट रोडला यंत्रमागावर कामाला. आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती, तेवढ्यात बाळ दिवाणावरून फरशीवर पडलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोनच शब्द: सीटी ब्रेन, म्हणजे मेंदूचा सीटी स्कॅन.

मी सोलापुरात 11 वर्षं सीटी टेक्निशियन आहे. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे बटण दाबणं. लहान मुलांच्या बाबतीत खरं काम बटणाआधीचं असतं. केव्ही म्हणजे क्ष-किरणांची ताकद खाली आणायची, वजन बघून एमए म्हणजे किरणांचं प्रमाण कमी करायचं, स्काउट इमेजवर, म्हणजे स्कॅनआधीच्या साध्या चित्रावर, वरची-खालची रेषा अशी बसवायची की कवटीचा तळ येईल पण मान येणार नाही. आईला दूध पाजायला सांगायचं, खोलीतले दिवे मंद करायचे आणि बाळ निजेपर्यंत वाट बघायची. हललं की पुन्हा स्कॅन, म्हणजे किरणांचा डोसही पुन्हा. म्हणून ती वीस मिनिटं मी कधीच वाया गेली असं धरत नाही.

पण हे बाळ माझा टीएलडी बॅज, आमच्या अंगावर पडलेले किरण मोजणारा, ओढत होतं. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, हातात बिस्किट. मी आमच्या डॉक्टर मॅडमना बोलावलं. त्यांनी बोटांनी सगळं डोकं चाचपलं, मागून, कानांच्या वरून. शुद्ध गेली होती का, नेहमीसारखा वागतोय का, दिवाण किती उंच, एकेक विचारलं. दिवाण बापाच्या गुडघ्याएवढा. अमेरिकेत 42 हजारांवर मुलं तपासून 2009 साली डोक्याला मार लागल्यावर सीटी कधी करायचा याचे निकष ठरलेत. दोन वर्षांखालच्या मुलात त्यातलं एकही लक्षण नसेल, तर मेंदूला गंभीर इजा असण्याची शक्यता 5,000 मध्ये एकाहूनही कमी. नुसतं कपाळावरचं टेंगूळ त्यात धरत नाहीत. बाजूचं किंवा मागचं धरतात. मॅडम म्हणाल्या, चार-सहा तास लक्ष ठेवू. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, "करून टाका, उगाच रिस्क नको." त्यांनी बाळाच्या डोक्याला हात तरी लावला होता का, मला शंका आहे.

"सर, पैशाचं बघू नका," बाप म्हणाला. थांबायची त्याची तयारी नव्हती. बाळाला घेऊन ते निघून गेले.

शनिवारी तो एकटाच आला, दुसरीकडची फिल्म घेऊन. "नॉर्मल आहे, सर!" मी फिल्म व्ह्यू-बॉक्सवर लावली. कोपऱ्यात 120 केव्ही. स्काउटवरची खालची रेषा हनुवटीच्याही खाली. मोठ्या माणसाचं सेटिंग कुणी बदललंच नव्हतं. 2012 च्या ब्रिटिश अभ्यासातला अंदाज असा: दहा वर्षांखालच्या 10,000 मुलांच्या डोक्याचा एकेक सीटी केला, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूतल्या गाठीचा एक रुग्ण वाढतो. धोका लहानच आहे. बेशुद्ध पोर आलं तर मी तो पत्करतो, एक मिनिट दवडत नाही. पण बिस्किट खाणाऱ्या पोरासाठी, तोही मोठ्यांच्या सेटिंगवर?

"बरं झालं ना करून घेतलं?" त्याने विचारलं. मग सांगू लागला, आजीने त्या दिवसापासून सूप हातात घेतलेलं नाही, माझ्यामुळेच झालं म्हणते.

"फिल्म जपून ठेवा," मी म्हणालो, "पुढे कुणीही सीटी सांगितला तर आधी ही दाखवा." 120 चा अर्थ मी त्याला सांगितला नाही. तेव्हापासून तेच डोक्यात आहे. सांगितला असता, तर तो घरी जाऊन आजीलाच सांगणार होता.