सत्तेचाळिसावा आठवडा : आमची वाटचाल

जुन्या ब्रँडेड बॅगा विकणारे आता मुंबईत जागोजागी झाले आहेत. त्यातले बरेचसे आधी विक्रीला बसले आणि मग दुरुस्तीसाठी माणूस शोधू लागले. आमचं उलट आहे. आम्ही आधी दुरुस्तीवाले, मग विक्रीवाले. हा क्रम मी छातीठोकपणे सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

वडील, म्हणजे अण्णा, साताऱ्याकडून मुंबईला आले ते रापी (चामडं सोलायची सुरी) आणि आरी घेऊन. व्हिक्टोरियावाल्यांच्या घोड्यांचे साज शिवायचे. व्हिक्टोरिया कमी होत गेल्या तसं काम पट्टे, पाकिटं आणि प्रवासी बॅगांवर आलं, आणि दादरला पागडीचा गाळा घेतला गेला. ती रापी आजही माझ्या समोर असते. दगडावर घासून घासून पातं निम्मं उरलंय. पण कोकराच्या चामड्याची कड दुमडण्याआधी सोलून पातळ करायची असेल तर हात तिच्याकडेच जातो. नवीन सुऱ्या घेतल्या, परदेशी घेतल्या. त्या कापतात चांगल्या, पण चामडं कुठे दमणार आहे ते हाताला सांगत नाहीत.

साजाचा टाका दोन सुयांचा. एकच दोरा, मेण लावलेला, दोन्ही टोकांना सुई. आरीने भोक पाडायचं आणि दोन्ही सुया समोरासमोरून त्याच भोकातून काढायच्या. दोरा एका जागी तुटला तरी बाकीची शिवण धरून राहते. मशीनची शिवण एकदा सुटली की उसवत जाते. २०११ साली हॉर्निमन सर्कलला हर्मेसचं दुकान उघडलं. त्यानंतर कधीतरी एका गिऱ्हाइकाची हर्मेसची ‘केली’ नावाची बॅग हँडलच्या कामासाठी आमच्याकडे आली. अण्णा थकले होते, दुकानात नुसते बसायला येत. त्यांनी ती बॅग दारातल्या उजेडात धरली, हँडलखालच्या तिरक्या टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “हा साज शिवणाऱ्याचा हात आहे.” हर्मेस हे नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पॅरिसचं ते घराणं १८३७ साली घोड्यांचे साज बनवतच सुरू झालं. दुरुस्तीवाल्याला कसली आलीय पारख, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

विक्री सुरू झाली ती पार्ल्याच्या वहिनींमुळे. नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. त्यांची लुई व्हिताँ या फ्रेंच कंपनीची ‘स्पीडी’ नावाची बॅग आमच्याकडे आली तेव्हा हँडलच्या वाकात भेग गेली होती. बॅग तयार झाल्यावर त्या म्हणाल्या, “आता ही तुम्हीच विकून द्या, माझ्याच्यानं वापरणं होत नाही.” मी सांगितलं, वहिनी, दुरुस्ती बिलावर लिहून विकीन, लपवून विकणार नाही. त्यांनी तसंच ठेवायला सांगितलं. बॅग गेली, आणि त्याच पैशांत थोडी भर घालून वहिनींनी आमच्याकडूनच दुसरी घेतली. आमचा शिरस्ता तेव्हापासूनचा : काय बदललं, काय रंगवलं, कुठे शिवलं, सगळं बिलावर.

मधली वर्षं बरी गेली. कन्साइनमेंटवर लोकांचा माल विकायला ठेवायचा, विकला की कमिशन. नोटाबंदीत ओढाताण झाली, जीएसटीत खरेदी-विक्रीच्या फरकावर कर भरायची सवय झाली, लॉकडाऊनमध्ये शटर बंद. आता २०२१ वर येतो.

पश्चिम उपनगरात एक शोरूमवाले आहेत. नाव घेत नाही. एसी, पांढरा सोफा, कॉफी. सुरुवातीला आमच्याकडूनच माल उचलायचे, तोही उधारीवर. एक दिवस एक मुलगी त्यांच्याकडून घेतलेली लुई व्हिताँची ‘नेव्हरफुल’ बॅग घेऊन आली. पहिल्या पगारवाढीची खरेदी होती. धूळपिशवी, बॉक्स, बिल, आणि वर ‘ऑथेंटिसिटी कार्ड’. लुई व्हिताँ असलं कार्ड देतच नाही, तेव्हा मला कार्ड बघूनच शंका आली. बॅग हातात घेतली. पट्ट्याच्या कडेचा रंग जाड, रबरासारखा. बिनरंगाचं म्हणून लावलेलं चामडं वर्षभर वापरूनही जसंच्या तसं फिकट. खरं असतं तर उन्हानं आणि हाताच्या तेलानं मधाच्या रंगाकडे झुकलं असतं. मास्टर कॉपी, म्हणजे हुबेहूब नक्कल होती. मुलीनं लेखी मागितलं, मी लेटरहेडवर लिहून सही-शिक्का करून दिलं. खोटं लिहिलं नाही, जास्तीचं लिहिलं नाही. पैसे परत मागायला ती तो कागद घेऊन शोरूमला गेली.

काही दिवसांतच व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरू लागला. आमच्याकडून गेलेली एक स्पीडी त्यांनी कुठूनशी मिळवली होती. ती सोफ्यावर ठेवून ते सांगत होते, दादरचे हे लोक डुप्लिकेट विकतात, आणि त्याचे तीन पुरावे.

पहिला, मागच्या बाजूला एल-व्ही अक्षरं उलटी आहेत. अहो, स्पीडीचं अंग म्हणजे कॅनव्हासचा एकच अखंड तुकडा. तो तळाखालून वळवून दुसऱ्या बाजूला वर आणतात. एका बाजूला नक्षी सुलटी आली की दुसऱ्या बाजूला ती उलटीच येणार. दोन्ही बाजूंना सुलटी असती आणि तळाला जोड दिसला असता, तर मी स्वतःच ती बॅग परत पाठवली असती.

दुसरा, बॅग कधी बनली ते सांगणारा आतल्या चामड्याच्या पट्टीवरचा आकडा, ४१७०. पहिला आणि तिसरा अंक घेतला तर ४७. “सत्तेचाळिसावा महिना असतो का?” असं म्हणून ते हसले. महिने २००६ पर्यंत होते. २००७ पासून कंपनीनं आठवडे धरले. पहिला-तिसरा अंक आठवडा, दुसरा-चौथा वर्ष. ती बॅग २०१० सालच्या सत्तेचाळिसाव्या आठवड्यातली. जो या धंद्यात आहे आणि लोकांकडून बॅगेमागे लाखभर रुपये घेतो, त्याला हे ठाऊक नसेल यावर माझा आजही विश्वास नाही.

तिसरा, फोन टेकवला तर चिप सापडत नाही. २०१० च्या बॅगेत चिप कुठून सापडणार? आकडे बंद करून चिप घालायला कंपनीनं २०२१ मध्ये सुरुवात केली.

पण व्हिडिओला उत्तर द्यायला व्हिडिओ लागतो, आणि आम्ही पडलो पाटावर बसून काम करणारे. कन्साइनमेंटवाले रोज येऊन आपापल्या बॅगा परत नेऊ लागले. “नाही हो, घरी लग्न आहे, वापरायला हवी,” असं सांगून. काचेचं कपाट रिकामं झालं. दुरुस्तीची कामंसुद्धा थांबली, कारण आम्ही खरी बॅग ठेवून खोटी परत देतो अशी पुढची आवई उठली. कारागिरांचे पगार मी पतपेढीचं कर्ज काढून केले. गाळा देऊन टाकावा असं घरात बोलणं झालं. आमच्या सौ. म्हणाल्या, अण्णांचा गाळा दुसऱ्याच्या खोटेपणासाठी सोडायचा नाही. त्या आधी हिशेबच बघायच्या. त्या दिवसापासून दुकानात बसायला लागल्या.

मार्ग काढला पार्ल्याच्या वहिनींनी. त्यांनी भिशी आमच्या दुकानात भरवली. सगळ्या बायकांनी आपल्या बॅगा आणायच्या, आणि मी समोर बसून दाखवायचं. भिशीतल्या एकीकडे ताजमहाल हॉटेलमधल्या कंपनीच्या दुकानातून स्वतः घेतलेली स्पीडी होती, बिलासकट. ती फिरवून पाटावर ठेवली. मागची अक्षरं उलटी. आतला आकडा त्यांनी स्वतःच वाचला, चष्मा लावून, आणि बिलाच्या तारखेशी ताडून पाहिला. आठवडा बिलाच्या आधीचाच निघाला, म्हणजे हिशेब जुळला. गाळ्यात उभं राहायला जागा नव्हती, आणि वहिनी प्रत्येकीला विचारत होत्या, “कळलं ना आता? मग तुमच्या ग्रुपवर टाका.” त्यांनी टाकलं. गिऱ्हाईक हळूहळू परत आलं, कर्ज फिटलं. बॅगा नेणारे पुन्हा बॅगा घेऊन आले, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. मी घेतल्या. धंद्यात घ्याव्या लागतात. शोरूमवाल्यांनी मात्र ना व्हिडिओ काढला, ना माफी मागितली, आणि आमची जुनी उधारी अजून दिलेली नाही.

घेणाऱ्यांना थोडं सांगतो. आकडा बघून बॅग घेऊ नका. कॉपीवाले आकडासुद्धा छापतात. आकड्याचा उपयोग एवढाच की तो मॉडेलशी आणि सालाशी विसंगत असेल तर लगेच थांबावं. फोटो मागाल तर समोरचा मागू नका, तो सगळेच छान काढतात. चारही कोपरे, हँडलचं मूळ, पट्टीची कड आणि अस्तराचा तळ मागा. आतल्या खिशात बोट घालून पाहा. मुंबईच्या दमटपणात जुन्या अस्तराचा थर चिकट होऊन सुटतो, आणि ते काम महागात पडतं. शनेलची कोकराच्या चामड्याची बॅग फारच काळी कुळकुळीत दिसली तर रंग मारलाय का ते सरळ विचारा. रंग मारणं गुन्हा नाही, पण भाव उतरला पाहिजे. पाण्याचा डाग असलेलं मूळचं चामडं मला नव्यानं बदललेल्या चामड्यापेक्षा कधीही पसंत आहे. मगरीच्या कातड्याची बॅग कागदपत्रांशिवाय घेऊ नका. आम्ही तर ठेवतच नाही. आणि घेतलेली बॅग पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नका. सुती पिशवीत ठेवा, अधूनमधून पंख्याखाली काढा, नाहीतर गणपतीपर्यंत बुरशी येते आणि ती घेऊन तुम्ही माझ्याकडेच येता.

सध्या एज पेंटचं, म्हणजे चामड्याच्या कडा रंगवायचं काम माझी मुलगी करते. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, बारीक पॉलिश पेपर मारायचा, परत हात. घाई करत नाही. विकायला बॅग आणणाऱ्यांनी बिल, धूळपिशवी, कुलूप-किल्ली असेल ते आणावं. बिल हरवलं असेल तरी बॅग आणा, तपासणी तुमच्या समोर बसूनच होते. सोमवारी दुकान बंद असतं.