सपंत्साची हसरी दफनभूमी

रोमेनियाच्या उत्तर टोकाला, युक्रेनच्या सीमेलगत मारामुरेश नावाचा प्रदेश आहे. तिथल्या सपंत्सा गावी आम्ही वाट वाकडी करून गेलो, तेही एक दफनभूमी बघायला! ओकच्या लाकडाचे आठशेहून जास्त क्रूस, सगळे निळेभोर. प्रत्येकावर कोरून रंगवलेलं चित्र आणि खाली मेलेल्याच्याच तोंडी घातलेली कविता. ‘मी इथे विसावलोय, माझं नाव अमुक’ अशी सुरुवात, आणि मग जन्मभराचा हिशेब.

आपल्याकडे माणूस गेला की चौकातल्या फ्लेक्सवर तो एकदम प्रेमळ आणि मनमिळाऊ होतो. इथे ती सवलत नाही. एकाला घोडे आवडायचे, आणि गुत्त्यात दुसऱ्याच्या बायकोशेजारी बसायलाही. दोन्ही क्रूसावर आहे. सासूबाईंचा क्रूस सगळ्यात प्रसिद्ध, तिथे मात्र जावई बोलतो: या आणखी तीन दिवस जगल्या असत्या तर मी इथे असतो आणि त्या वाचत असत्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांनो, त्यांना जागं करू नका. ‘हसरी’ म्हणतात खरं, पण तीन वर्षांची एक मुलगी टॅक्सीखाली गेली, तिच्या क्रूसावर त्या टॅक्सीला नुसते शिव्याशाप आहेत.

हे सुरू केलं गावच्याच स्तान इओन पत्राश या सुताराने, 1935 च्या सुमारास. कोण कसा जगला हे अख्ख्या गावाला ठाऊक, त्यामुळे खोटं लिहून उपयोग नव्हता. 1977 मध्ये तो गेला. स्वतःचा क्रूस त्याने आधीच लिहून ठेवला होता. पुढे त्याचा शिष्य दुमित्रू पॉप तिंकू याने काम चालवलं. पत्राशचं घर आता संग्रहालय आहे. ते चुकवू नका.

जाणाऱ्यांसाठी: क्लूज शहरातून बाया मारेमार्गे सिगेत या शहरात यावं. घाटरस्ता आहे, अर्धा दिवस धरा. सिगेतहून सपंत्सा वीसेक किलोमीटर. परतीचं वाहन आधीच ठरवा. 2025 पासून रोमेनिया पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा चालतो. चलन मात्र युरो नाही, लेउ. तिकिटासाठी सुटे ठेवा. टूरच्या बसगाड्या यायच्या आत, सकाळी लवकर पोहोचा. कविता स्थानिक बोलीत आहेत, फोनवरचं भाषांतर अर्धवटच कळतं. स्थानिक वाटाड्या मिळाला तर पैसे वसूल. चित्रं बऱ्याचदा क्रूसाच्या दोन्ही बाजूंना असतात, म्हणून मागूनही बघा. पण थडग्यांवर पाय देऊ नका, इथे आजही गावकऱ्यांनाच पुरतात. शाकाहारी असाल तर मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, चीज आणि आंबट साय घालून मिळतो, पोट भरतं.

सिगेतला जुन्या तुरुंगात कम्युनिस्ट राजवटीच्या बळींचं स्मारक-संग्रहालय आहे. तेही बघाच, पण वेगळ्या दिवशी. तिथल्या कोठड्या घाईत उरकण्यासारख्या नाहीत.