प्लेऑफ सिम्युलेटर, भाग ७ : 'निवड' फॉरमॅट कोसळला, पण का ते कळलं

परवा रात्री माझ्या प्लेऑफ (लीगनंतरची बाद फेरी) सिम्युलेटरमध्ये बग सापडला आणि तीन आठवड्यांचे निकाल बाद झाले. मागच्या भागात मी लिहिलं होतं की वरच्या टीमने आपला प्रतिस्पर्धी स्वतः निवडायचा हा फॉरमॅट एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) आत्ताच्या ब्रॅकेटपेक्षाच (जोड्यांचा ठरलेला तक्ता, त्यात एकाच डिव्हिजनमधले दुसरा-तिसरा पहिल्याच राउंडला भिडतात) काय, जुन्या १-ते-८ पेक्षाही (पहिला विरुद्ध आठवा, दुसरा विरुद्ध सातवा) बराच न्याय्य दिसतोय. ते आकडे कृपया कुठेही वापरू नका.

झालं असं की सिम्युलेटरमध्ये प्रत्येक टीमला एक 'खरी ताकद' असते, तिच्यावर ८२ मॅचेस खेळवल्या जातात आणि पॉइंट्स टेबल तयार होतं. निवडीची वेळ आली की टीमने फक्त टेबल बघायचं, फार तर शेवटच्या २० मॅचेस. पण माझं निवडीचं फंक्शन थेट खरी ताकद वाचत होतं, म्हणजे पेपर फुटलेलाच होता, मग टीमा अचूक निवडणार नाहीत तर काय. ते बंद केलं, दहा हजार सीझन परत चालवले आणि निवडीचा फायदा जवळजवळ विरघळला. दुसऱ्या सीडचं (सीड म्हणजे प्लेऑफमधला क्रमांक) तर १-ते-८ मध्ये जास्त भलं होत होतं.

खरं तर पीडब्ल्यूएचएल (महिलांची आइस हॉकी लीग) बघूनच मला शंका यायला हवी होती. तिथे पहिल्या नंबरची टीम सेमीफायनलला तिसरी हवी की चौथी ते ठरवते. २०२४ ला टोरांटोने मिनेसोटा निवडली, २-० पुढे गेले, मग त्यांच्याच नॅटली स्पूनरला दुखापत झाली आणि सलग तीन हरले, पुढे कपही मिनेसोटानेच नेला. २०२५ ला मॉन्ट्रियलने ओटावा निवडली आणि ३-१ ने बाहेर पडले. दोन सिरीजवरून काही सिद्ध होत नाही हे मान्य, पण ८२ (तिथे तर २४ किंवा ३०च) मॅचेसच्या टेबलात कोण खरंच कमकुवत आहे ते इतकं धूसर दिसतं की निवडणारा चुकतोच.

तरी मी निवडीला चिकटून का आहे? उलट-बक्षीस काउंटरमुळे. (नवीन असाल तर: एक नंबर खाली राहिल्याने टीमचा रस्ता सोपा होतो असं किती वेळा घडतं, ते मोजणारा काउंटर.) २०१७ आठवा. मेट्रोपॉलिटन डिव्हिजनमध्ये वॉशिंग्टन ११८ पॉइंट्स, पिट्सबर्ग १११, कोलंबस १०८. १०८ पॉइंट्स म्हणजे अख्ख्या लीगमध्ये चौथा नंबर, आणि कोलंबसला पहिल्याच राउंडला पिट्सबर्ग! त्याच डिव्हिजनमधले रेंजर्स १०२ वर, वाइल्ड कार्ड (डिव्हिजनच्या पहिल्या तिनात नसूनही आत आलेले), पण ते पलीकडे अटलांटिक डिव्हिजनच्या ब्रॅकेटमध्ये गेले आणि त्यांच्यासमोर १०३ वाले मॉन्ट्रियल. म्हणजे सहा पॉइंट्स कमी मिळवले म्हणून रस्ता सोपा. हे मला आजही खटकतं. पुढच्या वर्षी नॅशव्हिल ११७ आणि विनिपेग ११४, लीगमधले पहिले दोन, दुसऱ्याच राउंडला भिडले. आणि लॉस एंजेलिस (एलए) विरुद्ध एडमंटन तर २०२२ ते २०२५ सलग चार वर्षं पहिल्या राउंडला. रायव्हलरी म्हणून लीगला हे आवडत असेल, पण एलएच्या फॅनने काय करायचं?

मग सरळ १-ते-८ का नाही? कारण पॉइंट्सची तुलनाच सरळ नाही. ८२ पैकी २६ मॅचेस आपल्याच डिव्हिजनमध्ये, त्यात ओव्हरटाइम हरल्यावरही एक पॉइंट. कमकुवत डिव्हिजनमधले १०० आणि तगड्या डिव्हिजनमधले १०० सारखे नाहीत. निवडीत हा वाद टीमांवरच सोपवता येतो, म्हणून ती मला आवडली होती.

एक गोष्ट मात्र मस्त जमली. १९९४ ते २०१३ च्या रीसीडिंगचा (प्रत्येक राउंडनंतर सीडप्रमाणे नव्याने जोड्या) कोड अखेर खऱ्या ब्रॅकेटशी जुळला. २०१२ चा वेस्ट (लीगचा पश्चिमेकडचा अर्धा भाग) सतत चुकत होता, कारण डिव्हिजन जिंकणाऱ्यांना पहिले तीन सीड मिळायचे हे मी घातलंच नव्हतं, त्यामुळे ९७ पॉइंट्सचं फिनिक्स १०४ च्या नॅशव्हिलखाली जात होतं. ते दुरुस्त केल्यावर आठव्या सीडचं एलए व्हँकुव्हर, सेंट लुईस, फिनिक्स असं बरोब्बर क्रमाने आलं. रात्री दीड वाजता एकटाच टाळ्या वाजवल्या.

डेटाबद्दल एक सल्ला: तयार सीएसव्ही वाटणाऱ्या साइट्सवर आंधळा विश्वास नको. मी घेतलेल्या एका फाइलमध्ये शूटआउटचे पराभव (ज्यांनाही एक पॉइंट मिळतो) साधे पराभव म्हणून होते, दोन दिवस त्यातच गेले. आणि गूगल शीट्स हिशोब तपासायला उत्तम, पण सिम्युलेशन पायथन-नमपायमध्येच करा.

आयपीएलसारखी वरच्या दोघांना दुसरी संधी द्यावी असं एका मित्राने सुचवलं, पण बेस्ट ऑफ सेव्हनच्या चार राउंडलाच दोन महिने लागतात, त्यात अजून सिरीज कुठे घालणार.

पुढचा भाग खरं तर प्रवासाच्या अंतरावर होता, पण हे टाइप करतानाच सुचलंय की निवड देण्याऐवजी 'नकार' दिला तर? म्हणजे जोड्या १-ते-८ प्रमाणेच लागतील, फक्त वरच्या टीमला एकदा नकाराचा हक्क, आणि नकार दिला की लगेच वरचा सीड समोर येईल. आठवा नको तर सातवा. धूसर माहितीवर रोज कोणी हा हक्क वापरणार नाही, पण समोरच्याचा स्टार गोली (गोलकीपर) नुकताच परत आलाय किंवा टीम सलग दहा जिंकून आलीय अशा वेळी वापरेल, आणि नाही वापरला तर १-ते-८ पेक्षा वाईट काही होत नाही. दुसऱ्या सीडचं काय होईल ते अजून नीट उलगडलेलं नाही, कारण पहिल्याने नाकारलेला आठवा त्याच्याच गळ्यात पडतो, मग त्यालाही नकार द्यायचा का, की तिथे थांबायचं? प्रवास राहू दे. दोन्ही प्रकार रात्रभर चालायला लावलेत, उलट-बक्षीस काउंटर चालू ठेवून.